गाळलेली दोन पानं

"मावशी, मी आले हो. समोर आहे. दाराशीच."

एवढं बोलल्याशिवाय मिल्कामावशींच्या घरात कुणी पुढे यायचं नाही, असा त्यांचा दंडक होता. काचबिंदूने त्यांची दृष्टी गेल्याला तेव्हा तीन वर्षं झाली होती. एकदा कामवाल्या बाईने मागून येऊन खांद्यावर हात ठेवला, तर मावशींनी हातातला चहाचा कप भिरकावून दिला होता. नंतर स्वतःच रडल्या. "माझ्या मागे कोण आहे ते मला कळत नाही ग," म्हणाल्या. "दिसत नाही त्या माणसाला आवाज तरी द्यावा."

"ये इंदे," त्या आरामखुर्चीतून म्हणाल्या. "आणि आज जरा घसा मोकळा करून वाच. तुझ्या देव्हाऱ्यातल्या बाळकृष्णाला पोचेल एवढ्याच आवाजात वाचतेस. मी काय देव आहे, कान देऊन बसायला?"

मी हसले. दाराच्या चौकटीवर त्यांची ती तिरकी ठोकलेली पितळी मेझुझा होती, आत प्रार्थनेची गुंडाळी घातलेली डबी. मावशी येता-जाता तिला बोटं लावून ओठांना लावत. मीही लावत असे. मावशींना ठाऊक होतं. "पुण्य अर्धं तुझं, अर्धं माझं," म्हणायच्या.

अलिबागच्या इस्राएल आळीच्या टोकाला आमचं घर आणि त्यांचं घर एका भिंतीला भिंत लावून होतं. मावशी बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या यहुदी, झिराडकर आडनावाच्या. त्यांच्या सासऱ्यांचा तेलाचा घाणा होता, शनिवारी बंद असायचा. आळीतली निम्मी घरं इस्राएलला निघून गेली होती. त्यांची एकुलती एक मुलगी दिनाही गेली. दिना माझ्याच वर्गातली. नर्सिंग करून तिकडे अश्दोदला गेली, आणि तिथेच लग्न केलं. नवरा यिगाल हंगेरीहून आलेल्या यहुदी घरातला.

मी सांगते आहे त्याला आता सव्वीस वर्षं होतात. मावशी गेल्या, आळीतलं त्यांचं घर विकलं गेलं. दोन वह्या तेवढ्या माझ्याकडे आहेत. मी त्या पोथीच्या कपाटात ठेवते.

त्या वह्या पोस्टाने आल्या त्या आषाढात. दिनाच्या सासूबाईंनी, मार्गिटबाईंनी, आपली हकीकत लिहून काढली होती. सोळाव्या वर्षी त्यांना घरच्या माणसांसकट गाडीत घालून छळछावणीत नेलं होतं, त्याची. नातीसाठी लिहिली, छापायला नव्हे. दिनाने ती रात्रपाळ्या करून मराठीत उतरवली होती, शाळेतल्या त्याच गोल अक्षरात. सोबत चिठ्ठी होती. ती मीच वाचून दाखवली.

"आई, याएलच्या नवसाचा मलिदा फेडायला आम्ही नोव्हेंबरात येतो. यिगालच्या आईला एकटं ठेवता येत नाही, त्या बरोबर असतील. तू म्हणाली होतीस, ती बाई माझा उंबरा चढणार नाही. मी वाद घालत नाही. इंदूकडून हे सगळं वाचून घे. मग हो की नाही ते दारं बंद करायच्या सणाच्या आत कळव. नाही म्हणालीस तर आम्ही हॉटेलात उतरू. पण मग मी घरी राहायला येणार नाही."

मावशींनी चिठ्ठी माझ्या हातून काढून घेतली, चाचपली, घडी केली.

"धमकी देते पोरगी."

"मावशी, झालं काय होतं असं?"

"झालं ते झालं. अठरा वर्षं झाली. तू वाच. ऐकते, आणि मग 'नाही' म्हणून लिहायला सांगते. न ऐकता नाही म्हटलं, असं कुणी म्हणायला नको."

लग्नाला अकरा वर्षं उलटली तरी दिनाला मूल नव्हतं. तेव्हा मावशींनी एलियाहू हन्नबी ह्या त्यांच्या प्रेषिताला मलिदा बोलला होता, गूळ-खोबरं घातलेल्या पोह्यांचा. मग याएल झाली. नवस फेडायला लेक येणार, आणि आईच्या घरी उतरणार की नाही ते ह्या दोन वह्यांवर ठरणार. मला त्या हातात घ्यायलाही जड वाटलं.

माझा तेव्हा चातुर्मास होता. दरवर्षी मी एकभुक्त राहते, रोज सकाळी सोवळ्याने पोथीचा एक अध्याय वाचते. अध्याय अर्धा सोडायचा नाही, दारात कुणी आलं तरी पाटावरून उठायचं नाही. त्याशिवाय एखादा नेम दरसालचा वेगळा. त्या वर्षी मी धरला होता तो असा: कुणाचं मन दुखेल असं एक अक्षर तोंडातून काढायचं नाही. मावशींना सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "तुला कशाला तो नेम? तू आधीच मुकी. नेम धरायचा तर मी धरला पाहिजे, चार महिने आळी सुखात राहील."

दुपारी जेवणाची आवराआवर झाली की मी वही घेऊन बसे.

सुरुवातीची पानं गोड होती. मार्गिटबाईंचे वडील शिंपी होते. आई इलोना, कढईत जर्दाळू आटवायची. धाकटी बहीण एदित. मावशी हुंकार द्यायच्या, मधेच म्हणायच्या, "आमच्यासारखंच की ग. शुक्रवारी संध्याकाळी दिवे, शनिवारी चूल बंद." मग एकदम आठवण झाल्यासारख्या गप्प व्हायच्या. विहिणीला एवढं जवळ येऊ द्यायचं नव्हतं त्यांना.

चौथ्या दिवशी पाव आला. दिवसाकाठी पावाचा एक तुकडा मिळायचा. मार्गिट आणि एदित आपले तुकडे एकत्र ठेवायच्या आणि गोधडीतून उसवलेल्या दोऱ्याने कापायच्या. सुरीने चुरा पडतो, दोऱ्याने पडत नाही. एकीने कापायचं, दुसरीने पाठ करून "कुठला माझा" ते सांगायचं.

"आज तुझी एकादशी ना?" मावशींनी मधेच विचारलं.

"हो."

"मग आज दुप्पट खाशी. साबुदाणा भिजवलास की वरी?"

रोजची थट्टा होती ती. रोज मला हसू यायचं. त्या दिवशी मी घरी गेले आणि भिजलेल्या साबुदाण्याकडे बघत उभी राहिले. भांड्याला चिकटलेले दाणे बोटाने निपटून काढले. पाण्यावरच एकादशी केली, आणि ती कुणासाठी केली ते देवाला सांगता आलं नाही.

सहाव्या दिवशी मी पहिल्यांदा चुकले.

मार्गिटबाईंनी सगळं क्रमाने लिहिलं नव्हतं. पाव आधी आला, गाडी नंतर आली. गाडीची पानं मी घरून आधी वाचून आले नव्हते. वाचता वाचता डोळे दोन ओळी पुढे जातात तसे गेले आणि माझा आवाज थांबला.

"काय झालं?"

"काही नाही. अक्षर पुसट आहे."

दिनाचं अक्षर कधी पुसट नसतं. मी वाचलं, "गाडी थांबली. आम्हाला उतरवलं. आईला एका रांगेत घेतलं, मला आणि एदितला दुसऱ्या." आणि दोन पानं उलटली. "दुसऱ्या दिवशी पहाटे आम्हाला कामावर नेलं."

"आणि आई?"

"तिचं पुढे येईल, मावशी."

घरी येऊन मी हात-पाय धुतले, दिवा लावला. मला काही खोटं बोलल्यासारखं वाटलं नाही. म्हाताऱ्या, डोळे गेलेल्या बाईच्या कानावर ते कशाला घालायचं? कुणाचं मन दुखवायचं नाही हाच तर माझा नेम. उलट नेम पाळला असंच वाटलं.

एकदा गाळलं की हात सरावतो. त्यानंतर मी रोज थोडं थोडं गाळत गेले. एदितच्या तापाची पानं चार ओळींत आटोपली. हिवाळ्यातली चाल, बर्फातून मैलच्या मैल पायी हाकलत नेलं ती, तर गाळलीच. राहिलं ते काय? उतरवलं, कामाला लावलं, भूक होती, सुटका झाली. वही संपली तेव्हा मावशी खुर्चीचा हात कुरवाळत बसल्या.

"झालं?"

"झालं."

"हाल झाले बाईचे. नाही असं नाही," त्या म्हणाल्या. "पण माझी आत्या मरायच्या आधी तीन वर्षं अंथरुणात कुजली, तिने कुणाला झिडकारलं नाही. हाल सगळ्यांचे होतात. घे कागद."

गणपतीचे दिवस होते. दारं बंद करायचा त्यांचा सण पाच दिवसांवर आला होता. त्या दिवशी त्यांची माणसं पांढरे कपडे घालून, दारं लावून, पाण्याविना उपास करतात. त्याच्या आधी ज्याचं त्याचं मनातलं मिटवून टाकायचं असतं. मावशी मिटवत होत्या ते असं.

"लिही. चिरंजीव सौभाग्यवती दिना हिस आशीर्वाद. तुझ्या सासूबाईंची हकीकत ऐकली. वाईट वाटलं. परंतु..." त्या थांबल्या. "परंतु लिहिलंस?"

"लिहिलं."

"परंतु ज्या बाईला माझा हात चालला नाही, तिला माझं घर चालायचं नाही."

माझं पेन थांबलं. "हात म्हणजे?"

मावशींनी मान फिरवली. दिसत नसताना मान फिरवणाऱ्या माणसाकडे बघवत नाही.

"तुला सांगून टाकते. दिनाच्या लग्नाला गेले ना मी, ते चैताचे दिवस. इथून सुरंगीची वेणी नेली होती, केळीच्या पानात गुंडाळून. सुरंगी सुकली तरी वास सोडत नाही. म्हटलं, विहिणीच्या केसात माळायची, आपल्याकडची रीत. मेंदीच्या रात्री सगळ्या बायका बसलेल्या. तिचा हा एवढा अंबाडा. मी हळूच मागून गेले, म्हटलं गंमत करू, आणि वेणी लावली. तर बाई अशी उसळली! माझ्या हातावर फटका मारला. वेणी खाली. तिच्याच पायाखाली आली. सगळ्या गोऱ्या बायका बघताहेत. माझ्याकडे बघून थरथर कापत होती, जसं काही सापाने स्पर्श केला. एक शब्द बोलली नाही, उठून आत गेली." मावशींनी आपले दोन्ही हात उताणे करून मांडीवर ठेवले. "तिथे आमच्या लोकांना काय काय म्हणायचे ते मी ऐकून होते. तुम्ही खरे यहुदी का, म्हणून विचारायचे. काळे म्हणायचे. मी म्हटलं, म्हणू देत. पण विहिणीने? हे हात कापसाचे नाहीत, तेलाच्या घाण्यातले आहेत. पण विटाळ होण्यासारखे नाहीत ग, इंदे."

माझ्या मांडीवरची वही मला भाजायला लागली.

"मावशी," मी म्हटलं. माझा आवाज मलाच ऐकू आला नाही. "मावशी, मी दोन पानं गाळली."

"काय?"

"वाचताना. गाडीच्या दिवशी. नंतरही गाळली. तुम्हाला त्रास होईल म्हणून... माझा नेम होता."

 मावशी खुर्चीत ताठ झाल्या.

"रोज सकाळी तुझी पोथी मला भिंतीतून ऐकू येते. वीस वर्षं ऐकतेय. त्यात माणसं मरतात, पोरं मरतात, राक्षस काय काय करतात. एक ओवी गाळलीस कधी?"

"नाही."

"पान फाटलं होतं त्या वर्षी, तर दुसऱ्याची पोथी मागून आणलीस. गाळलं नाहीस."

"नाही."

"देवाचं गाळायचं नाही. आणि बाईचं गाळायचं?" त्यांचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं. "तिने एकदा भोगलं, एकदा लिहिलं. माझ्या पोरीने रात्री जागून उतरवलं. आणि तू मधे बसून निवडत होतीस, तांदूळ निवडावे तसं. वाच आता. मोठ्याने वाच."

मी उठले. त्यांच्या मोरीत जाऊन हात-पाय धुतले, तोंड धुतलं. खुर्चीवर बसले नाही. कोपऱ्यातला पाट घेतला, मांडी घातली, वही दोन्ही हातांत धरली. मग वाचलं.

"गाडीत बसायला जागा नव्हती. मी उभी होते आणि आई माझ्या मागे उभी होती. दोन दिवस मला तिचं तोंड दिसलं नाही. तिची बोटं तेवढी कळत होती. ती माझे केस विंचरत होती. फणी नव्हती, बोटांनीच गुंता सोडवायची आणि वेणी घालायची. वेणी घालून झाली की सोडायची आणि पुन्हा घालायची. मी विचारलं, आई, काय करतेस? म्हणाली, तुझ्या केसांत हात असला की मला पाणी लागत नाही.

"उतरल्यावर तिला डावीकडे पाठवलं. मी वळून बघितलं नाही, कारण संध्याकाळी भेटेलच असं वाटलं. आम्हाला एका लांबट खोलीत नेलं. कपडे काढायला लावले. मी रांगेत उभी होते. तेवढ्यात मागून कुणाचा तरी हात आला आणि माझी वेणी धरली. मला वाटलं, आईच आली. मी हसत मागे वळले. कात्री होती.

"नंतर केस परत आले. मी त्यांना पुन्हा कात्री लावली नाही. पण अजूनही कुणाचा हात मागून केसांना लागला की एक क्षणभर मला वाटतं, आईच. तो क्षण मला सोसत नाही. त्याच्या पुढचा क्षण मला फार चांगला माहीत आहे. म्हणून माझ्या मागे मी कुणाला उभं राहू देत नाही. माझ्या मुलालाही नाही. तो लहान असताना ह्यावरून रडायचा. मी त्याला कारण सांगितलं नाही."

मी थांबले. पुढचं पानही, आई गेल्याचं, वाचायचं होतं. ते वाचलं. मग एदितचं वाचलं, मग हिवाळ्यातली चाल वाचली. मधे आमच्या घरून मला हाका आल्या, आरतीची वेळ झाली होती. मी पाटावरून उठले नाही.

वही मिटली तेव्हा मावशींचा हात त्यांच्याच डोक्यामागे गेलेला होता, मानेपाशी.

"मी मागून गेले होते ग," त्या म्हणाल्या.

मी वही मांडीवर ठेवली.

"मी मागून गेले होते, इंदे. गंमत करायला."

बाहेर आळीत ढोलकी वाजत होती.  मावशींनी विचारलं, "तिच्या आईचं नाव काय म्हणालीस?"

"इलोना."

"तिच्यासाठी कुणी दिवा लावला असेल का, तेव्हा?"

"कोण होतं लावायला?"

"काचेचा पेला आण. फडताळात खोबरेल आहे. वात तू कर, मला जमत नाही आता." मी वात वळली. आगकाडी मीच ओढली, पण माझ्या हातावर हात मावशींचा होता. त्यांनी त्यांची प्रार्थना म्हटली. त्यात एक नाव मला कळलं.

मी घरी आले. आमच्यात लांबचं कुणी गेल्याची बातमी उशिरा कळली तरी कळल्याबरोबर डोक्यावरून आंघोळ करतात. पन्नास वर्षांपूर्वी गेलेल्या, माझ्या कुणीच नसलेल्या बाईसाठी मी परसातल्या विहिरीचं पाणी काढलं आणि डोक्यावरून घेतलं. ह्यांनी विचारलं, "कोण गेलं?" मी म्हटलं, "विहीणबाईंची आई." ते म्हणाले, "कुणाच्या?"  मी ओल्या केसांनी खोळंबलेल्या आरतीला उभी राहिले.

दुसऱ्या दिवशी 'परंतु'चा कागद फाडून आम्ही नवा घेतला.

"लिही. तुझ्या सासूबाईंना घेऊन ये. त्यांना आतली खोली देते, पलंग भिंतीला लावून ठेवते. पाठीला भिंत असली की बरं वाटेल त्यांना." थोड्या वेळाने म्हणाल्या, "आणि हेही लिही, की इंदूने पानं गाळली होती. पोरीला कळू दे तू किती मुकी ते."

"लिहिलं मावशी."

"खरंच लिहिलंस?"

"गाळलं नाही."

तेव्हा कुठे त्या हसल्या.

नोव्हेंबरात ती मंडळी आली. सकाळपासून मावशी ठेवणीतलं पांढरं पातळ नेसून बसल्या होत्या. शेवंतीची वेणी मी बाजारातून आणून ओल्या फडक्यात ठेवली होती. तिच्यावर पाणी शिंपडलं का, असं त्यांनी मला चार वेळा विचारलं. टॅक्सी थांबली. दिना आईच्या गळ्यात पडली, यिगालने खाली वाकून पाया पडायचा प्रयत्न केला तो फसला. सगळे हसले. मार्गिटबाई मात्र आत येऊन दाराजवळच्या भिंतीला पाठ लावून उभ्या राहिल्या. उंच, वाळक्या, पांढरा अंबाडा. मावशींकडे बघत होत्या आणि हातातल्या पाकिटाचा पट्टा पिळत होत्या. मावशींची दृष्टी गेल्याचं त्यांना ठाऊक होतं. बघणं वेगळं.

"कुठे आहे ती?" मावशींनी विचारलं.

"भिंतीशी, मावशी. तुमच्या समोर, सहा पावलं."

मावशी उठल्या. वेणी दोन्ही हातांत समोर धरली. दिनाने आधार द्यायला हात पुढे केला, तो त्यांनी घेतला नाही. एक एक पाऊल मोजत गेल्या आणि दोन पावलांचं अंतर ठेवून थांबल्या.

"विहीणबाई, मी आले हो," त्या म्हणाल्या. "समोर आहे. हातात फुलांची वेणी आहे, दुसरं काही नाही."

दिनाने ते त्यांच्या भाषेत सांगितलं. 

मार्गिटबाई कितीतरी वेळ हलल्या नाहीत. मावशी हात पुढे धरून तशाच. त्यांनी ते खाली घेतले नाहीत. मग मार्गिटबाईंनी पाकीट खाली ठेवलं. भिंतीपासून सुटल्या. मावशींचं मनगट धरलं आणि ते धरूनच हळूहळू वळल्या, मावशींकडे पाठ होईपर्यंत. आणि मग तो हात स्वतःच्या खांद्यावरून मागे, अंबाड्यावर नेऊन ठेवला.

मावशींची बोटं तिथे चाचपत राहिली. वेणी लागेना.

"इंदे, काटा दे."

मी काटा काढला. "मी डावीकडून येते हं," असं मार्गिटबाईंना मराठीतच म्हटलं. त्यांनी मान हलवली, जशी काही मराठी कळली.

"किती दाट केस ग बाईचे," मावशी म्हणाल्या. "आईवर गेले असतील."

दिनाने तेही सांगितलं. मार्गिटबाईंचे खांदे एकदा हलले. पण त्या मागे वळल्या नाहीत. वेणी नीट बसेपर्यंत तशाच उभ्या राहिल्या.